चहा महागला म्हणून अमेरिका स्वतंत्र झाली? साफ चूक

‘इंग्रजांनी चहावरचा कर वाढवला, चहा महागला, लोकांनी भारतातून आलेला चहा बोस्टनच्या समुद्रात फेकला आणि अमेरिका स्वतंत्र झाली. पार्लमेंटमध्ये चार जागा दिल्या असत्या तर हे टळलं असतं. आणि मराठ्यांनी इंग्रजांना गुंतवलं नसतं तर अमेरिका सुटलीच नसती.’ व्हॉट्सॲपवर फिरणारा हा मजकूर माझ्या भाचीने शाळेच्या प्रकल्पवहीत जसाच्या तसा उतरवला आहे. आता गप्प बसवत नाही.

पहिलं वाक्यच उलटं आहे. १७७३ च्या चहा कायद्याने अमेरिकेत नवा कर लावलाच नाही. पौंडभर चहामागे तीन पेन्स ही जकात १७६७ पासूनची. तेव्हा काच, शिसं, रंग, कागद यांवरही जकात बसली होती. ती १७७० मध्ये उठवली, चहावरची मुद्दाम ठेवली. १७७३ मध्ये अडचण होती ईस्ट इंडिया कंपनीची. ती कर्जात होती आणि लंडनच्या गोदामांत तिचा सुमारे १ कोटी ७० लाख पौंड चहा पडून होता. तोवर कंपनीने चहा लंडनमध्ये लिलावात विकायचा, तिथल्या व्यापाऱ्यांनी तो अमेरिकेत पाठवायचा, अशी रीत होती. नव्या कायद्याने इंग्लंडातली आयात जकात परत मिळू लागली आणि कंपनीला स्वतः नेमलेल्या अडत्यांकडे थेट माल धाडता येऊ लागला. मधले दलाल गेले, चहा स्वस्त झाला, चोरून येणाऱ्या डच चहाशी टक्कर देण्याइतका.

मग स्वस्त चहा फेकला का? चोरटा चहा विकणाऱ्यांचं आणि कंपनीने वगळलेल्या व्यापाऱ्यांचं पोट दुखलं, हे मान्य करावंच लागेल. पण खरी गोम त्या तीन पेन्सचं काय होणार यात होती. या जकातीतून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार द्यायचे, अशी तरतूद १७६७ च्या कायद्यातच होती. बोस्टन ज्या इंग्रज वसाहतीत होतं त्या मॅसॅच्युसेट्समध्ये तोवर गव्हर्नरचा पगार लोकांनी निवडलेली सभा मंजूर करी. तो मनमानी करू लागला तर सभा पगार अडवू शके. १७७२ पर्यंत गव्हर्नर थॉमस हचिन्सनचा पगार राजाकडून येऊ लागला आणि हा लगाम सुटला. चहा विकत घेणारा प्रत्येक जण ही व्यवस्था पोसणार होता.

वेळापत्रकही बघा. ‘डार्टमाउथ’ जहाज २८ नोव्हेंबरला बोस्टनला लागलं. २० दिवसांत जकात भरली नाही तर अधिकारी माल जप्त करणार, म्हणजे चहा किनाऱ्यावर येणारच. फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कहून चहाची जहाजं माल न उतरवता परत गेली. हचिन्सनने मात्र जहाजांना परत जायचा परवाना नाकारला. कंपनीच्या अडत्यांत त्याचे दोन मुलगे होते. मुदत संपायच्या आदल्या रात्री, १६ डिसेंबरला, ३४२ पेट्या पाण्यात गेल्या.

तो चहा भारताचा नव्हता, चीनचा होता. आसामचा चहा लंडनच्या लिलावात आला १८३९ मध्ये. भारताशी खरा संबंध कंपनीचा. १७७० च्या बंगालच्या दुष्काळात तिने काय केलं ते पेन्सिल्व्हेनिया वसाहतीतल्या जॉन डिकिन्सन या वकिलाने १७७३ मध्येच लिहिलं होतं, आणि तीच कंपनी आता आपल्या दारात आली आहे, असं बजावलं होतं.

चहा फेकल्यापासून स्वातंत्र्याच्या घोषणेपर्यंत अडीच वर्षं गेली, ती हा मजकूर गिळून टाकतो. १७७४ मध्ये पार्लमेंटने बोस्टन बंदर बंद केलं, मॅसॅच्युसेट्सचं सल्लागार मंडळ राजाच्या नेमणुकीचं केलं, गावसभांवर बंधनं घातली. बाकीच्या वसाहतींना कळलं, हे उद्या आपल्याकडेही होऊ शकतं. एप्रिल १७७५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनला राजाचं सैन्य आणि वसाहतीतले लोक यांच्यात गोळीबार झाला, तरी जुलैत त्यांनी राजाकडे समेटाचा अर्ज पाठवला. ऑगस्टमध्ये राजाने त्यांना बंडखोर ठरवलं आणि डिसेंबरमध्ये पार्लमेंटने त्यांचा सगळा व्यापार बंद करून जहाजं जप्तीला मोकळी केली. वेगळं होण्याचा विचार बहुतेकांच्या मनात पक्का झाला तो त्यानंतर.

शंका असेल त्याने ४ जुलै १७७६ चं घोषणापत्रच वाचावं. त्यात राजाविरुद्ध २७ तक्रारी आहेत. संमतीशिवाय कर ही सतरावी. आधीच्या तक्रारी कायदे अडवणं, सभा बरखास्त करणं, न्यायाधीशांना मुठीत ठेवणं, शांततेच्या काळात फौज ठेवणं अशा आहेत. चहाचं नावही नाही. शेवटच्या तक्रारीत मात्र मूळनिवासींना ‘रानटी’ म्हटलं आहे आणि गुलामांच्या उठावाची भीती डोकावते. १७६३ मध्ये राजाने ॲपलाचियन डोंगरापलीकडे वस्ती करायला बंदी घातली होती, त्याचाही राग होता. हे स्वातंत्र्य सगळ्यांसाठी नव्हतं, हेही मुलांना सांगायला हवं.

पार्लमेंटमधल्या जागा? १७६५ मध्ये नऊ वसाहतींच्या प्रतिनिधींनी न्यूयॉर्कला ठरावच केला होता की स्थानिक परिस्थिती पाहता पार्लमेंटच्या कॉमन्स सभेत आपलं प्रतिनिधित्व होऊच शकत नाही. कर लावायचा तर आमच्याच सभांनी, हे त्यांचं म्हणणं.

राहिले मराठे. कंपनी आणि मराठ्यांमधला पुरंदरचा तह मार्च १७७६ चा, घोषणापत्र जुलैचं; म्हणजे तो निर्णय झाला तेव्हा इकडे लढाई थांबलेली होती. १७७८ मध्ये फ्रान्स युद्धात उतरल्यावर इंग्रजांचं बळ जगभर विखुरलं, एवढं खरं. पण जानेवारी १७७९ मध्ये वडगावला शरण आली ती कंपनीची मुंबईची फौज होती. अमेरिकेत लढत होतं ते राजाचं सैन्य.