गावातले तीन गुंड आणि पितळेचा गंज

आमच्या गावची शाळा बंद पडली ती पोट्टे संपल्यामुळं. शेवटच्या वर्षी पटावर चार होते, त्यातला एक पोळ्यानंतर फिरकलाच नाही. मग इमारत नुसती उभी राहिली. व्हरांड्यात बकऱ्या, आढ्याला वटवाघळं, कवेलूंवर माकडं. पट खरं तर वाढलाच होता, हजेरी घेणारं कोणी नव्हतं.

एक दिवस सरपंचांचा फोन आला. "काकाजी, शाळेचं म्युझियम करून राहिलो. तुम्हीच पाहा सारं."

"मी काऊन? माझी नोकरी तर बँकेत गेली."

"पण तुम्ही अजब बंगल्याच्या बाजूलेच राहता ना!"

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला आम्ही अजब बंगला म्हणतो. तो १८६३ पासूनचा आहे, आणि सदरमधलं माझं घर तिथून दहा मिनिटांवर आहे. एवढ्या भांडवलावर मी पुरातत्त्वज्ञ झालो. तुरुंगाच्या बाजूला राहणाऱ्यांना गावाकडून काय काय फोन येत असतील, देव जाणे.

कागदांचं फार सांगत नाही. इमारत वापरायला मागायची तर ती धडधाकट आहे असं लिहावं लागतं, आणि दुरुस्तीला पैसे मागायचे तर ती पडायला आली आहे असं. आम्ही दोन्ही अर्ज केले. दोन्ही एकाच बाबूच्या टेबलावर पोचले. त्यानं ते एकाच टाचणीत अडकवून परत पाठवले.

तरी गावात दवंडी दिली: घरातली जुनी वस्तू शाळेत आणून द्या. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, तेव्हा लोक सारी इडापीडा 'घेऊन जाय गे मारबत' म्हणत तिच्याबरोबर गावाबाहेर धाडतात. आमच्या गावानं त्या रविवारी मलाच मारबत समजून घेतलं. दोन बंद कूलर आले. डबडा टीव्ही आला. एका सूनबाईनं सासऱ्यांची कवळी आणली. सासरे मागून ती मागायला आले. काटोल रस्त्यावर जुनापाणीला महापाषाण काळातली शिळावर्तुळं आहेत, हे मी बोलता बोलता सांगून बसलो, आणि दुसऱ्या दिवशी एकानं बंडीभर दगड आणून ओतले. नंतर कळलं, त्याला शेताचा धुरा, म्हणजे बांध, साफ करायचा होता.

नाण्यांचं तर विचारूच नका. जे नाणं निघे ते नागपूरच्या भोसल्यांच्या वेळचं. एका आबाजींनी छेदाचा तांब्याचा पैसा हातावर ठेवला. वर मुकुट आणि १९४४ स्वच्छ दिसत होतं. मी म्हटलं, "आबाजी, भोसल्यांचं राज्य १८५४ मध्येच खालसा झालं."

"तेच तं," ते म्हणाले, "तवापासून जपून ठेवलं."

खऱ्या जुन्या वस्तू मात्र कोणी देईना, कारण त्या कोणी जुन्या मानतच नव्हतं. शेवयांचा पाट मिळाला तो एका अटीवर: उन्हाळ्यात बाया तिथंच येऊन शेवया करतील. त्या आल्याही. दालन क्रमांक दोन आठवडाभर शेवयांनी भरलेलं होतं आणि आजवरची सगळ्यात जास्त गर्दी त्याच आठवड्यात झाली.

मग पाट्या. पाट्या मी जीव ओतून लिहिल्या. 'पितळेचा गंज, आजीच्या लग्नातला.' 'गावातले जुने गुंड (३).' आमच्याकडं गंज म्हणजे पातेलं आणि गुंड म्हणजे पाणी भरायचं भांडं, हे काय सांगायला हवं? पण पुतण्याची बायको पुण्याची. तिनं आधी विचारलं, "काका, पितळेला गंज कसा चढतो?" आणि पुढं जाऊन ती तोंडाला पदर लावून उभी राहिली. भिंतीला खिळा कमी पडला म्हणून कोणीतरी गुंडांची पाटी तीन माजी सरपंचांच्या फोटोंखाली टांगली होती. त्यातले दोघं हयात आहेत. एक जण येऊन शांतपणे म्हणाले, "जुने काऊन लिहिलं? मी यंदा उभा राहतो आहे."

माझी आवडती वस्तू मात्र शाळेच्या कपाटातच सापडली: डेडस्टॉक रजिस्टर. 'खुर्ची १, एक हात नाही. घंटा १. नकाशा १, अरबी समुद्र उंदरांनी खाल्ला.' तो नकाशाही निघाला, विदर्भ जुन्या मध्य प्रदेशात होता तेव्हाचा. त्यात राजधानी नागपूर. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात गेलो आणि ते राजधानीपण संपलं. म्हातारी माणसं त्या नकाशासमोर दर्शनाला उभं राहावं तशी उभी राहतात. एकानं तर नागपूरवर बोट ठेवून विचारलं, "हे परत नाही का करता येत?" मी म्हटलं, माझ्याकडं फक्त शाळेची किल्ली आहे.

मे महिन्यात, अंगाची काहिली होत असताना, उद्घाटन झालं. जूनमध्ये मृगाचा पाऊस पडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात एक जण उभा.

"काकाजी, आमची तिफण पाहिजे."

"अरे, ती आता पुरातन वस्तू आहे."

"हो ना. पेरून झालं की पुन्हा पुरातन."

मी डेडस्टॉक रजिस्टर उघडलं, 'तिफण १, पेरणीस गेली' असं लिहून त्याची सही घेतली. तिफण खांद्यावर टाकून जाता जाता तो तण काढायच्या डवऱ्यापाशी थांबला.

"हा राहू द्या आत्ता. वीसेक दिवसांनी येतो."