गाणी, पेज आणि तुमचे आक्षेप

नमस्कार,

माझ्या कामाच्या सवयींबद्दल मी जे लिहिलं त्यावरची तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे, त्यामुळे उत्तर द्यायला हुरूप आला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी मालवणात बसून गावच्या सवयींना शास्त्राचा मुलामा देतो, कोड लिहिताना शब्दांची गाणी नकोत हे माझं निव्वळ सोवळं आहे, उलट मोझार्टने बुद्धी तल्लख होते हे सिद्ध झालंय, आणि पेज खाऊन प्रोग्रामर फक्त पेंगू शकतो.

आधी मोझार्ट. तो प्रयोग १९९३ साली 'नेचर'मध्ये आला. कॉलेजच्या मुलांना १० मिनिटं मोझार्ट ऐकवला, मग आकृत्यांची कोडी घातली. थोडा फायदा दिसला, तो पाव तासाच्या आत ओसरलाही. म्हणजे संगीत आधी, डोकं चालवणं नंतर! दिवसभर कानात वाजत ठेवून काम करण्याशी त्याचा काही संबंध नाही.

शब्दांच्या गाण्यांना माझी सरसकट बंदी कधीच नव्हती. शंभर ठिकाणी एकच नाव बदलायचं, फॉर्मला रकाने जोडायचे, असली हमाली असली की मीही डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना) लावतो. पण दुसऱ्याचा जुना कोड वाचताना काय होतं बघा. 'ऑर्डर', 'ऑर्डरलिस्ट', 'जुनी ऑर्डर' ही नावं आपण मनातल्या मनात पुटपुटत असतो. कुठल्या नावात काय भरलंय हे धरून एका फंक्शनमधून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात उतरतो. नेमका तेव्हाच बुवा समोरच्या बुवाला कोपरखळी मारतो, मला हसू येतं आणि 'जुनी ऑर्डर'मध्ये काय होतं ते गेलं. चला परत वरून. कानावर बोलणं पडत असलं की मनात धरलेले शब्द निसटतात, हे प्रयोगांत वारंवार दिसलंय. आवाज बारीक केल्यानेही फारसं भागत नाही. नुसता पखवाज चालतो. पत्र्यावरचा पाऊस तर त्याहून छान, आणि फुकट.

आता पेज. तुम्ही ती पांढऱ्या भाताच्या ताटाबरोबर मोजलीत. आमची पेज उकड्या तांदळाची. भात, म्हणजे साळ, टरफलासकट उकडायचं, वाळवायचं, मग गिरणीत न्यायचं. असा तांदूळ सहसा पॉलिशच्या तांदळाइतकी झटकन साखर चढवत नाही. दहा-साडेदहाला वाडगाभर पेज, सोबत निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. (१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यामुळे पावसाळ्यात सुक्यावरच भिस्त.) मग दुपारचं जेवण आपोआप बेताचं होतं. दुपारची सुस्ती म्हणाल तर ती न जेवणाऱ्यालाही येते, शरीराचं घड्याळच तसं आहे. फक्त भरल्या पोटी ती जास्त जाणवते.

राहिलं गावचं कौतुक. अहो, माझ्या निम्म्या सवयी लाईटने लावल्यात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं आणि आमच्याकडे खांब आडवे झाले. तेव्हापासून कोडमधला प्रत्येक छोटा बदल चालला की लगेच कमिट, म्हणजे गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) तो जतन. कमिट करायला नेट लागत नाही, ते सर्व्हरवर चढवायला, म्हणजे पुश करायलाच लागतं. म्हणून इन्व्हर्टरवर पंख्याआधी राऊटर. यात कौतुक कसलं?

तुमचा एक सल्ला मात्र मला अजिबात मान्य नाही: रात्रीच्या कॉलआधी कडक कॉफी. न्यूयॉर्कची दुपारची बाराची मीटिंग आपल्याकडे उन्हाळ्यात साडेनऊला येते, थंडीत साडेदहाला. कॅफिन शरीरात निम्मं व्हायलाच साधारण ५ तास लागतात. दहाला प्यालात तर पहाटे तीनलाही निम्मा कप अंगात आहे! मी त्या वेळी सोलकढी पितो, फार तर गरम पाणी. तुम्ही झोपता किती वाजता, तेवढं कळवा. पुढचं भांडण त्यावर करू.