वादळ नाही आलं, बरं झालं

गेल्या रविवारी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, बायबलातल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या तेहतिसाव्या अध्यायावर उपदेश झाला. पहारेकऱ्याचा अध्याय. तटावरच्या माणसाला तलवार येताना दिसली आणि त्याने कर्णा वाजवला नाही, तर मेलेल्याच्या रक्ताचा जाब त्याला द्यावा लागणार. वाजवला आणि कुणी ऐकलं नाही, तर पहारेकरी सुटला. उपदेश छानच झाला. बाहेर चपला घालताना आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणाले, "आता लोकांना जरा खडसावून सांगायला हवं." लोकांना म्हणजे कुणाला, ते मी विचारलं नाही. पण त्यांच्या तोंडावरची खुशी बघून मला पप्पा आठवले.

पप्पा बंदर खात्यात होते. हवामान खात्याचा निरोप आला की बंदरावर बावटा चढवायचा, रात्री दिवे लावायचे, हे त्यांचं काम. तीन नंबरचा बावटा लागला की होड्या वर ओढायच्या आणि घरी बसायचं. घरी बसायचं म्हणजे मासळी नाही, पैसा नाही, वर बर्फवाल्याची उधारी तशीच. आणि पुष्कळदा ते वादळ वाट बदलून गुजरातकडे नाहीतर ओमानकडे निघून जायचं. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन. मग संध्याकाळी आमच्या खळ्यासमोरून जाणारा कुणीतरी हाक घालायचाच, "काय हो, खंय गेलां तुमचां वादळ? दोन दिस फुकट गेले!" त्यावर पप्पांचं एकच उत्तर असायचं, "नाय इलां तां बरां झालां."

मला लहानपणी याची लाज वाटायची. वाटायचं, एकदा तरी खरंच यावं म्हणजे या लोकांची तोंडं बंद होतील. २००९ च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ आलं. कितीतरी होड्या समुद्रात होत्या, काही माणसं परत आलीच नाहीत. त्यानंतर एक-दोन हंगाम बावट्याची थट्टा कुणी केली नाही. पप्पा त्या दिवसांत जेवायला बसायचे आणि अर्ध्यावर उठायचे. आपलं म्हणणं खरं ठरलं म्हणून सुखावलेला माणूस असा दिसत नाही.

बायबलमध्ये माझ्या लहानपणच्या त्या इच्छेचा धनी आहे योना संदेष्टा. चाळीस दिवसांत निनवे पालथं पडणार, असं ओरडत तो शहरभर फिरला. लोकांनी चक्क ऐकलं, राजासकट सगळे गोणपाट नेसून बसले आणि नाश टळला. योना खूश व्हायला हवा होता की नाही? तो चिडला. शहराबाहेर मांडव घालून बसला, काय होतंय ते बघत. मग देवाला त्याला विचारावं लागलं, की या शहरात एक लाख वीस हजारांवर अजाण माणसं आहेत, गुरंढोरं आहेत, त्यांची कीव मी करू नये? पुस्तक त्या प्रश्नावरच संपतं. योनाने काय उत्तर दिलं ते लिहिलेलं नाही.

यहेज्केल काही गोडबोल्या नव्हता. त्याचं कपाळ देवानेच गारगोटीहून कठीण केलं होतं, आणि त्याचे काही अध्याय तर रविवारच्या शाळेत वाचून दाखवायची सोय नाही. पण तो कुठे उभा होता ते बघा. बूजी याजकाचा हा मुलगा, यरुशलेमहून बाबेलला कैद करून नेलेल्यांतला. खबार नदीकाठी तेल-अबीबला बंदिवान राहत होते, तिथे पोचल्यावर पहिले सात दिवस तो त्यांच्यात नुसता सुन्न बसून राहिला. पहारेकऱ्याची नेमणूक त्याला त्यानंतर मिळाली. जे शहर पडणार म्हणून तो सांगत होता ते त्याचं स्वतःचं होतं. आणि त्याला मिळालेल्या निरोपाचा गाभा त्याच तेहतिसाव्या अध्यायात आहे: दुष्ट मरावा यात मला संतोष नाही, तो वळावा आणि जगावा. ही अकरावी ओवी (वचन) सोडून जो सहाव्या ओवीवर उपदेश करतो त्याच्या हातात कर्णा देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे काय चालतं? २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ येऊन गेलं, जुलैत रायगडातल्या तळिये गावावर दरड कोसळली, आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या ग्रुपवर "शेवटचा काळ, पश्चात्ताप करा" सुरू. ढिगाऱ्याखालून माणसं अजून निघायची होती! वादळ गेल्यावर बावटा चढवणाऱ्याला खात्यात काय म्हणाले असते, पप्पांना विचारायला हवं होतं. प्रेषित पौलाने इफिसच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना मिलेत गावी बोलावून सांगितलं, की तीन वर्षं रात्रंदिवस अश्रू गाळत मी तुम्हांला एकेकाला बोध केला. एकेकाला. फॉरवर्ड करून नाही.

(यहेज्केलाच्या त्या तेहतिसाव्या अध्यायाच्या शेवटी लोक दाराशी, भिंतीशी उभे राहून एकमेकांना म्हणतात, चला, यहेज्केल काय सांगतो ते ऐकू या. गोड गळ्याचं गाणं ऐकावं तसं ऐकतात आणि घरी जातात. या पोस्टला येणारे बदाम मी त्याच हिशेबात धरणार आहे.)

हे सगळं लिहायचा मला अधिकार कितपत आहे, तेही सांगतो. आमच्या मंडळीतला एक मुलगा, तिशीच्या आतला. मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळायचा. मला कळलं होतं. एकदा त्याने पाच हजार मागितले, गाडीच्या हप्त्यासाठी म्हणाला. हप्ता नव्हता, हे मला माहीत होतं. मी पैसे दिले आणि गप्प बसलो. आपण कोण सांगणारे, संबंध कशाला बिघडवा, त्याची आई आहे, पाळकसाहेब आहेत. त्याच महिन्यात तरुणांच्या सभेत मी "जगाच्या मोहांपासून सावध राहा" यावर अर्धा तास बोललो होतो. तोही समोर बसला होता. त्याचं नाव घ्यायचं नव्हतं, फक्त नंतर बाजूला घेऊन पाच मिनिटं बोलायचं होतं.

पुढे त्याच्या वडिलांनी लावलेली काजूची कलमं गेली, आणि एका रात्री तोही गेला. गोव्यात कुठल्याशा हॉटेलात कामाला आहे म्हणतात.

त्याची आई ख्रिसमसला घरी आली होती. नेवऱ्यांचा डबा ठेवला, चहा घेतला, आणि उठता उठता हळूच म्हणाली, "तुका म्हायत होतां मां?"

तू त्याला का नाही वाचवलंस, असं तिने विचारलं नव्हतं. तेवढंच विचारलं असतं तर माझ्याजवळ चार उत्तरं होती.

मी हो म्हटलं. ती मान हलवून गेली.

परवा त्याचा नंबर लावला. वाजला, उचलला नाही. आज दुपारी तीननंतर पुन्हा लावणार आहे, त्या वेळेला त्याला मोकळीक असते असं कळलंय.