दहा जीबी कुणी पिलं?

काल सकाळी प्रॉक्सीवाल्याचं डॅशबोर्ड उघडलं तर दहा जीबीपैकी शिल्लक शून्य. एका क्लायंटची वेबसाइट जर्मनीतून कशी दिसते ते बघायला जीबीच्या भावानं पैसे भरून घेतलेली प्रॉक्सी (माझं नेट जर्मनीतून फिरवून आणणारा मधला सर्व्हर), महिनाभर पुरवायची होती, एका रात्रीत ढुस्स, आणि मी तर झोपलेलो! सपोर्टवाला म्हणतो, सर, वापर तुमच्याच आयपीवरून, म्हणजे तुमच्याच नेटच्या पत्त्यावरून झालाय. वर हसरा इमोजी.

मी जी शिवी हासडली ती खाली घरमालकाला ऐकू गेली. आमचे तात्या पाटबंधारे खात्यातून रिटायर, उभी नोकरी कालव्यावर. त्यात हे लातूर, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून पिलेलं गाव, पहिल्या गाडीला 10 टँकर, 5 लाख लिटर, तात्यांना अजून तोंडपाठ. वाया गेलं म्हटलं की हे चप्पल घालून हजर.

"काय सांडलं रं?"

"नेट, तात्या. दहा जीबी."

"चारी कुणी फोडली?"

कोणता प्रोग्राम किती नेट ओढतोय ते दाखवणारा विंडोजचा रिसोर्स मॉनिटर उघडून नेटवर्कचा टॅब दाखवला. तात्यांनी चष्मा पुसला आणि पंचनाम्याला बसले. एक गेमचं लाँचर, भाच्यानं दिवाळीत टाकलेलं. एक फोटो आपोआप वर चढवणारं. एक प्रिंटरचा अपडेटर, प्रिंटर मी दोन वर्षांखाली विकलाय, हा मात्र अजून पेन्शन खात बसलाय. सगळ्यांच्या पुढं पत्ता एकच, माझ्या प्रॉक्सीचा.

"आन् हे एसव्हीसीहोस्ट कोण?"

"ते एकटं नाही, त्याच्या पोटात विंडोजच्या बऱ्याच सर्व्हिस असतात."

"मंजी सामायिक सातबारा. मग नोटीस कुणाच्या नावानं काढायची?"

मग अर्धा तास कालव्याची गोष्ट. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पोचंना म्हणून तात्या बॅटरी घेऊन आठ दिवस पाटावर झोपले, तर रात्री मोटार टाकणारा निघाला साहेबाचाच मेहुणा. माझा चहा गार झाला.

"तू गेट कुटं उघडलास?" अचानक विचारलं.

सांगायची लाज वाटली. प्रॉक्सी विंडोजच्या सेटिंगमध्ये टाकली होती, म्हणजे सिस्टिमची सेटिंग मानणारं झाडून सगळं तिथूनच जाणार. वर पासवर्डची कटकट नको म्हणून आयपी व्हाइटलिस्ट केलेला, म्हणजे माझ्या पत्त्यावरून येईल त्याला न विचारता आत.

"मेन गेट उघडं ठेवून झोपलास. बिनकुलपाचं."

चूक माझी, मान्य. पण एकानं तरी विचारावं ना, की बाबा, पैशाचं नेट आहे, घेऊ का? स्वतःहून चालू होणार, स्वतःहून डाउनलोड करणार, भुर्दंड मला. विकलेल्या प्रिंटरसाठी मी जर्मनीतून डेटा आणायलोय!

विंडोजची प्रॉक्सी बंद केली, फायरफॉक्सला स्वतःची वेगळी प्रॉक्सी सेटिंग असते तिथं फक्त टाकली (क्रोम सिस्टिमचीच उचलतं, म्हणून तिकडं नाही), व्हाइटलिस्ट काढून पासवर्ड लावला. फिरून दहा जीबी विकत घेतलं.

रात्री अकराला दार वाजलं. तात्या, हातात बॅटरी. रिसोर्स मॉनिटर लावायला लावला. प्रॉक्सीच्या पत्त्यावर एकच नाव, फायरफॉक्स, जे मी उघडून विसरलो होतो आणि आता निवांत स्वतःचंच अपडेट ओढत होतं.

तात्या खुर्ची ओढून बसले.

"धरणात किती हाय आता?"