पेशंटचं नाव बाळ्या

आज सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकबाहेर, दुधीचा रस विकतात तिथे, माकडटोपीवाल्या काकांनी नातवाचा हात खसकन मागे ओढला आणि मला नीट ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "हात लावू नकोस हं, खरूज आहे त्याला."

'त्याला' म्हणजे आमच्या बाळ्याला, असं मी धरून चालतो. कारण टक्कल आम्हा दोघांनाही आहे.

खरूज नाहीये. रिपोर्ट माझ्या मोबाइलमध्ये आहे. मागच्या आठवड्यात तो मी काकांना उघडून दाखवलाय. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचला आणि "लॅबवाले काहीही छापतात" म्हणून परत केला.

बाळ्या नऊ वर्षांचा. आईकडून लॅब्रेडॉर, वडिलांचा विषय निघाला की विकणारा गप्प बसायचा. पावसाळ्यात त्याच्या दोन्ही कुशींचे केस विरळ झाले आणि दिवाळीपर्यंत शेपूट अगदी उंदरासारखी. एवढं झाल्यावर त्याला घेऊन रस्त्यावर निघणं म्हणजे गळ्यात 'सल्ला द्या' अशी पाटी अडकवून फिरणं. माकडटोपीवाल्या काकांचा आणि माझा परिचय असा झाला.

"पाणी कुठलं?" त्यांनी पहिलंच वाक्य हे टाकलं. ना नमस्कार, ना चमत्कार.

"म्हणजे?"

"बोअरचं की धरणाचं? बोअरच्या पाण्याने केस जातात."

"गंगापूर धरणाचं. आंघोळीलाही तेच."

"मग शाम्पू. तुम्ही कुठला लावता?"

"माझं सोडा हो. केस कुत्र्याचे जातायत."

"नाही, एका घरात दोघांचं एकदम जातंय, म्हणून विचारलं." हे ते हसून म्हणाले असते तर मी सोडूनही दिलं असतं. पण काका गंभीर होते. त्यांनी आधी माझ्या डोक्याकडे, मग बाळ्याच्या कुशीकडे आणि पुन्हा माझ्या डोक्याकडे पाहिलं, जसं एखादा गवंडी दोन भिंतींची ओल ताडून बघतो. "जळकं ऑइल लावा."

"काय?"

"गॅरेजमध्ये फुकट देतात. मानेपासून शेपटीपर्यंत चोपडायचं. आमच्या सासुरवाडीला होता एक कुत्रा. तीन दिवसांत खाज बंद."

"तीन दिवसांत?"

"तीन. चौथ्या दिवशी गेला."

"कुठे गेला?"

"गेला म्हणजे गेला हो. पण शेवटपर्यंत खाजवलं नाही त्याने!"

रसवाला मान डोलावत म्हणाला, ऑइलपेक्षा गंधक आणि करंजाचं तेल बरं. काका त्याच्यावर उखडले. दोघांची जुंपली. बाळ्या खाली बसला. बाळ्याला मुळात खाज नव्हतीच, हे सांगायला मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. विनोद बाजूला ठेवून सांगतो: इंजिनाचं ऑइल हे विष आहे. कातडी भाजते, आणि कुत्रा अंग चाटतो म्हणजे ते सगळं पोटात जातं. तरी गावोगावी हे चोपडलेली काळी, चिकट कुत्री दिसतातच. आणि चोपडणाऱ्याला पुण्य केल्यासारखं वाटत असतं.

खरं तर नाशकात केस जाण्याचं एवढं कुणी मनावर घेऊ नये. इथे लोक केस द्यायला लांबून येतात. रामकुंडावर सकाळी दहाव्याला बसलेल्यांची डोकी भराभर गुळगुळीत होत असतात आणि न्हाव्याला कुणी विचारत नाही की कारण काय. कारण सगळ्यांना माहीत असतं. आमचं घोडं तिथेच अडलं होतं.

शाम्पूच्या बाबतीत मात्र काका निम्मे बरोबर निघाले, याचा मला जास्त राग आहे. केसगळतीवरचा माझाच महागडा शाम्पू मी बाळ्याला दोनदा लावला होता. डॉक्टरबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी लिहायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. माणसाची कातडी आम्लधर्मी, कुत्र्याची त्या मानाने बरीच कमी; आपल्या शाम्पूने त्याची कातडी कोरडी पडते, असं त्यांनी समजावलं. "आणि तुम्हाला तरी कुठे फरक पडलाय, काका?" माझ्या मुलीच्या वयाची मुलगी! पण पैसे देऊनही पुन्हा जावंसं वाटलं अशी ती पहिली व्यक्ती, कारण तिने आधी कारण सांगितलं नाही, आधी प्रश्न विचारले.

खाज? नाही. मग ब्लेडने कातडी थोडं रक्त झिरपेपर्यंत खरवडली आणि काचेवर तेलाच्या थेंबात घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. खरजेचे किडे नाहीत. मग दिवे घालवून निळसर जांभळा दिवा लावला. काही जातींची बुरशी त्यात हिरवी चमकते. अंधारात बाळ्या अजिबात चमकला नाही. चमकला तो माझा पांढरा शर्ट. साबणाच्या पावडरीमुळे, म्हणे. पण सगळीच बुरशी चमकत नाही, म्हणून चार केस उपटून तपासणीला. त्याचा निकाल यायला दोन-तीन आठवडे.

"पाणी किती पितो?"

आता हे कोण मोजतं? घरी दुधाच्या मापाने भांडं भरून चोवीस तास हिशेब ठेवला. सव्वा लिटर. ३१ किलोच्या कुत्र्याचं तीन लिटरच्या वर गेलं असतं, शिवाय पोट सुटून कातडी पातळ झाली असती, तर कुशिंग नावाच्या दुसऱ्याच आजारामागे लागावं लागलं असतं आणि त्याच्या तपासणीत आठ तासांत तीनदा रक्त काढतात. सुटलो.

"वजन वाढलंय?" हो. खाणं तेवढंच. "सुस्त झालाय?" वय झालंय त्याचं. "उन्हात बसतो?"

बसतो. मे महिन्यात नाशिक चाळीस अंशांवर तापलेलं असताना हा दुपारी गच्चीत बसायचा. मी त्याचा फोटो काढून भावाला पाठवला होता, 'साहेब सनबाथ घेतायत' म्हणून. केस पावसाळ्यात गेले, थंडी त्याला मेमध्येच वाजत होती.

रक्त तपासलं. टी-फोर हा गळ्यातल्या ग्रंथीचा हार्मोन; तो इतर आजारांतही खाली येऊ शकतो म्हणून त्या ग्रंथीला कामाला लावणारा टीएसएचही. पहिला खाली, दुसरा वर. थायरॉइड.

गोळी माणसाचीच, पण कुत्र्याच्या आतड्यातून ती कमी शोषली जाते आणि अंगातून लवकर निघून जाते, म्हणून डोस दणदणीत. मी चिठ्ठी घेऊन मेडिकलवाल्याकडे गेलो.

"पेशंटचं नाव?"

"बाळ्या."

"वय?"

"नऊ."

"१०० मायक्रोग्रॅमच्या सहा सकाळी, सहा संध्याकाळी?" त्याने चिठ्ठी उजेडात धरली. "अहो, मोठा माणूस दिवसाला एक घेतो! कुणी लिहून दिलं हे बाळाला?"

मागच्या रांगेतल्या मावशी पुढे सरकल्या. "पोराला मारताय काय?"

"पोरगा नाहीये, कुत्रा आहे तो!"

"बघा, बघा, पोटच्या पोराला कुत्रा म्हणतोय!"

चिठ्ठीवरचं जनावरांच्या डॉक्टरचं नाव मेडिकलवाल्याने जोरात वाचून दाखवलं तेव्हा रांग हसली. मावशी हसल्या नाहीत. अजूनही भाजीबाजारात दिसल्या की माझ्या पिशवीकडे संशयाने बघतात.

घरी येऊन मी बायकोला निदान सांगितलं, जरा ऐटीतच. ती पोळी उलटत म्हणाली, "मी जूनमध्ये सांगितलं होतं. त्याला माझ्यासारखी थंडी वाजते, माझ्यासारखंच वजन वाढतंय, थायरॉइड असेल."

"मग मी काय म्हणालो?"

"वय झालंय, म्हणालास." पोळी डब्यात गेली. "मलाही तेच म्हणाला होतास. दोन वर्षं."

यावर मी विनोद करून पाहिला. चालला नाही.

गोळ्या सुरू होऊन बारा दिवस झाले. केस यायला काही महिने लागतील, रक्त महिनाभराने पुन्हा तपासायचंय. बुरशीचा निकाल काल आला, काही नाही. परवा बाळ्या कुरिअरवाल्यावर भुंकला, पाच महिन्यांनी. कुरिअरवाला घाबरला आणि आम्ही दोघं दारात उभे राहून कौतुक करत होतो. काकांच्या लेखी खरूज ती खरूजच, आणि ऑइल न लावल्यामुळे बळावलेली.

दोघांच्या गोळ्या आता स्टीलच्या एकाच डब्यात असतात. सहाला ती आधी स्वतःची अर्धी गोळी घेते, मग बाळ्याचा जबडा उघडून सहा आत सारते. उपाशीपोटी घ्यायच्या, पुढे तासभर काही नाही. तो तास दोघं ओट्यापाशी शेजारी शेजारी बसतात, ती शाल पांघरून, तो तिच्या शालीच्या टोकावर, आणि मी चहा पिताना दोघंही माझ्याकडे बघत राहतात.