शिस्त नव्हे, दार

मुंबईच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या वाद पेटलाय: दहा मिनिटांत किराणा दारात येतो, मग ग्राहक भांडारं हवीत कशाला? त्यावर एकाचं ठरलेलं पालुपद, ‘सहकार तुमच्या अमेरिकेत चालेल, तिथली माणसं शिस्तीची. आपल्याकडे भांडार म्हणजे चेअरमनच्या भाच्याची नोकरी.’

भाच्याचं मान्य. शिस्तीचं नाही.

मी राहतो त्या न्यूयॉर्कमधलं, ब्रुकलिनचं पार्क स्लोप फूड को-ऑप हे सभासदांच्याच मालकीचं किराणा दुकान 1973 पासून चालू आहे. सभासद हजारोंनी, बिगरसभासदाला काही विकत मिळत नाही. दर सहा आठवड्यांनी दुकानात पावणेतीन तासांची कामाची पाळी करायची. घरातल्या प्रत्येक प्रौढाने सभासद व्हायचं, नाहीतर राबणार एक आणि स्वस्तात खाणार चौघं. आत शिरताना कार्ड स्कॅन होतं. पाळी बुडवून भरून दिली नसेल, तर सवलतीची मुदत संपल्यावर खरेदी बंद. याला शिस्त म्हणत नाहीत, दार म्हणतात.

हिशेब साधा आहे. घाऊकात 4 डॉलरला पडलेली वस्तू साधारण 5 ला विकतात. वरच्या डॉलरात वीज, पगार, नासाडी सगळं बसवायचं. ते बसतं, कारण बहुतेक अंगमेहनत सभासदांची. तळघरात हातमोजे घालून, डोक्याला रुमाल बांधून वकील आणि शिक्षक खोक्यातले अक्रोड पिशव्यांत भरतात, वजन करतात, तोंड चिकटवून लेबल मारतात. काउंटरवर नवखा बसला की रांग लांबते; जुडी कोथिंबिरीची की पार्स्लीची, हे त्याला वास घेऊनही कळत नाही. ते चालवून घेतात. मालाची मागणी मात्र पगारी माणसंच नोंदवतात. दीड महिन्याने उगवणाऱ्याला परवा टोमॅटो किती खपले हे कसं कळणार? हौशी दुकानं बहुधा इथेच बुडतात: जास्त मागवलं, रोकड मालात अडकली, भाजी कुजली.

1844 मध्ये इंग्लंडात रॉचडेलच्या 28 जणांनी दुकान काढलं, तेव्हाचा नियम याहून कडक होता: बाजारभावाने विका, उधारी नाही, आणि नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. आपल्याकडे सभासदाला आठवतो तो भागावरचा, म्हणजे शेअरवरचा लाभांश, कायद्याने कमाल 15 टक्के. शंभराच्या भागावर पंधरा रुपये! त्यासाठी कोण अहवाल उघडून बघणार? सप्टेंबरात सर्वसाधारण सभा, मागच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’, मग वेफर्स. भाचा शिरतो तो याच फटीतून.

आता गंमत अशी, की याहून चोख व्यवस्था त्याच ग्रुपवाल्यांच्या मुंबईत आहे. मुंबई ग्राहक पंचायत, 1975 पासून. दुकानच नाही. शेजारपाजारच्या कुटुंबांचा संघ, महिन्याची यादी. माल एका घरी उतरतो आणि सभासद आपसात वाटून घेतात. मागणी आधी, खरेदी नंतर, त्यामुळे शिल्लक माल जवळपास नाहीच. नारळ कोणाकडे फुटका गेला, पुडा कोणाचा कमी आला, हे जिन्यातच मिटतं. ब्रुकलिनवाले यापुढे अवजडच म्हणायचे.

इथल्यांना हे मी ‘आमच्या मुंबईत’ असं छाती फुगवून सांगतो. आमचं घर त्या संघात कधीच नव्हतं, हे सांगत नाही. घरी वाटपाला बसायला वेळ कोणाला होता?

आणि इथे? नारिंगी जॅकेट चढवून अनोळखी माणसाची सामानाची गाडी सबवेपर्यंत पोचवायची आणि रिकामी ढकलत परत आणायची, हीसुद्धा एक पाळी असते. ती मी मागून घेतो. ग्रुपवर अजून सांगितलेलं नाही. पहिला प्रश्न येईल, पैसे किती देतात?