'आयतोबागिरी'बद्दल

मागच्या लेखावर एका वाचकाची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण लांबलं, म्हणून वेगळं टाकतोय. लेखात माझं म्हणणं एवढंच होतं की छोट्या टेलिकॉम व्यावसायिकाने पहिल्या पायरीचा सपोर्ट, निदान रात्रीचा, बाहेरच्या कंपनीकडे सोपवावा, आणि स्वतःचं फायबर नाही तिथे दुसऱ्याच्या नेटवर्कवर भागीदारीत सेवा विकावी. त्यावर हे गृहस्थ लिहितात: "फोन उचलणारी माणसं भाड्याची, लाइन दुसऱ्याची, मग तुमचं काय? याला धंदा नाही, आयतोबागिरी म्हणतात. स्वतः कधी रात्री ग्राहकाचा फोन घेतला आहे का?"

तुमचं बरोबर आहे ते आधी. ९९.९ टक्के अपटाइम म्हणजे महिन्यात साधारण ४ मिनिटं सेवा बंद, असं मी लिहिलं होतं. चूक. ३० दिवसांच्या महिन्यात ती ४३ मिनिटं होतात. ४ मिनिटं होतात ती ९९.९९ ला. एक नऊ गळला. दुरुस्त केलं आहे, आभार. "अशा लोकांकडून हेच अपेक्षित" हे वाक्य नसतं, तरी केलंच असतं.

आता रात्रीचा फोन. हो साहेब, घेतला आहे. सलग चार वर्षं. आम्ही दोघेच होतो. तो खांबावर चढायचा, मी फोनवर. रात्री फोन उशाखाली. अडीच वाजता कुणीतरी चिडून विचारणार, "नेट का नाही?" मी डोळे मिटूनच म्हणायचो, डब्यावर लाल दिवा आहे का बघा. त्याखाली एलओएस लिहिलंय? लिहिलंय म्हटल्यावर मला कळायचं की डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाहीये. फायबर तुटली, वाकली किंवा कनेक्टर निघाला. राउटर शंभर वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही. आणि जोडणारा माणूस सकाळीच जाणार. म्हणजे अडीच वाजता जागा होऊन मी काय केलं? तक्रार लिहून घेतली. हे काम माझ्याऐवजी दुसऱ्या कुणी केलं, तर त्यात आयतं काय आहे?

हिशेब तुम्हीच करा. आठवड्याचे तास १६८. एक माणूस ४० तास बसतो. म्हणजे एकच खुर्ची अहोरात्र भरायला ४.२ माणसं लागतात, तीही रजा आणि आजारपण धरलं नाही तर. पाच पगार, एक खुर्ची. आणि ती खुर्ची एका वेळी एकच फोन घेते. फायबर तुटते तेव्हा फोन रांगेत येत नाहीत, अंगावर येतात.

एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाने कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत असताना हे गणित मांडलं. त्याचा पहिला लेख १९०९ चा, गाजलेली सूत्रं १९१७ ची. त्याच्या सूत्रात आकडे घालून बघा. पाच जणांकडे चार जणांना सतत पुरेल एवढं काम असेल, तर फोन करणाऱ्या १०० पैकी ५५ जणांना ताटकळावं लागतं. तेच पन्नास जणांकडे चाळीस जणांचं काम असेल तर जेमतेम ९ जणांना. दोन्हीकडे माणसं सारखीच राबतात. फरक एवढाच, की मोठ्या घोळक्यात कुणीतरी मोकळं सापडतं. छोट्याला हा घोळका स्वतः उभा करणं परवडत नाही. तो दहा छोट्यांमध्ये वाटूनच घ्यावा लागतो.

आता तुम्हाला हसायला एक देतो. सपोर्ट बाहेर दिल्यावर दुसऱ्याच महिन्यात मुख्य फायबर तुटली, आणि त्यांची मुलं दोन तास ग्राहकांना राउटर बंद-चालू करायला लावत होती. शिव्या मी खाल्ल्या. "बघा!" म्हणाल. पण त्यांच्या पडद्यावर आमचे अलार्म दिसतच नव्हते. ते द्यायचं माझंच राहून गेलं होतं. तेव्हापासून नियम आहे: एकाच स्प्लिटरवरून (म्हणजे एका फायबरचा प्रकाश अनेक घरांना वाटणाऱ्या डबीवरून) दहा मिनिटांत तीन तक्रारी आल्या, की राउटरचं नाव काढायचं नाही, मला उठवायचं. म्हणजे फोन अजून माझाच वाजतो. फक्त कारण असेल तेव्हा.

"लाइन दुसऱ्याची" हा टोमणा तर मला कळलाच नाही. ब्रिटनमध्ये व्हर्जिन मोबाइल १९९९ साली सुरू झाली ती वन-टू-वन या दुसऱ्या मोबाइल कंपनीच्या नेटवर्कवर, स्वतःचा एकही टॉवर न उभारता. आणि परदेशात गेल्यावर तुमचा फोन कुणाच्या टॉवरवर चालतो? रोमिंग म्हणजे भागीदारीच की. मग मोठमोठे ऑपरेटरही आयतोबाच म्हणायचे.

ज्याच्या लाइनवर विकतो तोच उद्या ग्राहक पळवील, दर वाढवील, हे तुम्ही पाच वेगवेगळ्या शब्दांत लिहिलं आहे. त्यासाठी करारात कलम असतं. ग्राहकांची माहिती परक्यांच्या हाती जाते म्हणता. त्यालाही कलम असतं. कलमं पाळली जातात का, हा वेगळा विषय आहे. आज नको.

टीका करू नका असं मी कधीच म्हटलेलं नाही. पण ज्या माणसाला आपण ओळखत नाही, त्याने चार वर्षं झोप मोडली की नाही हे एका ओळीत ठरवून टाकायचं, ही कुठली रीत? "आयतोबागिरी" तेवढं मागे घ्या. बाकी सगळं राहू द्या.

तुमच्याकडे मात्र सपोर्ट घरचाच, मालक स्वतः फोन घेतो, असं अभिमानाने लिहिलंत. प्रतिक्रियेखाली वेळ पहाटे ३ वाजून १० मिनिटांची आहे. कुणाचा फोन आला होता?